विक्री वाढली, पण उरलं किती?

फोंडा, गोवा
10 जून

प्रिय सुदेश,

तुझ्या काजूच्या धंद्याची वही रविवारी सवडीने चाळली. विक्री 40 लाखांवरून 52 लाखांवर गेली म्हणून स्वारी खूश आहे आणि म्हापशाला दुसरा गाळा घ्यायला निघाली आहे. पेढे मागेनच, पण आधी थोडं भांडून घेतो.

बी, मजुरी, पॅकिंग वजा जाता गेल्या वर्षी तुला शंभरामागे 28 रुपये राहायचे, यंदा 22. तेव्हाचे झाले 11 लाख 20 हजार, आताचे 11 लाख 44 हजार. वर्षभर राबून बारा लाखांचा माल जास्त विकलास आणि पदरात पडले 24 हजार! टेंपोवर ठेवलेल्या पोराचा वर्षाचा पगार यात कुठे बसतो?

किनाऱ्याकडच्या हॉटेलांना घाऊक भावात द्यायला लागलास, ते एक कारण दिसतंच. दुसरं मला उताऱ्यात, म्हणजे बियांतून किती गर निघतो त्यात असल्याचा संशय आहे. शंभर किलो बियांतून पंचवीसेक किलो गर निघतो. त्यात एक किलो घटला की चार टक्के माल गेला. तुझ्या वहीत बी किती घेतली ते आहे, पण अख्खा गर किती निघाला आणि तुकडा किती, ते कुठेच नाही. तुकड्याला अख्ख्याचा भाव कोण देणार बाबा? यापुढे घाणीगणिक, म्हणजे बियांच्या दर खेपेला, दोन्ही वेगळे तोलून लिही.

हॉटेलांना वर्षात 18 लाखांचा माल उधारीवर गेला, त्यातले 9 लाख अजून यायचेत. म्हणजे सरासरी सहा महिने तुझाच पैसा त्यांच्याकडे बिनव्याजी आणि बी घ्यायला तू बँकेचं व्याज भरतोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसशील तर आधी ती कर, फुकट होते. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला की व्याज मागता येतं. गिऱ्हाइकाशी कोर्टकज्जे कर असं मी म्हणत नाही, बिलावर हा नियम छापला तरी फोन उचलले जातात.

तू म्हणतोस, सगळा खर्च जाऊन 6 लाख 20 हजार उरले. पण त्यात तुझा पगार धरलेला नाही, गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनींचा नाही, घरच्या गाळ्याचं भाडंही नाही. महिन्याला 25, 15 आणि 10 हजार धर, वर्षाचे सहा लाख झाले. धंद्याने स्वतः कमावले वीस हजार. म्हापशाला भाडं रोख द्यावं लागेल आणि गल्ल्यावर माणूस पगारी लागेल, वहिनी दोन ठिकाणी कशा बसणार?

आणखी एक. 31 मार्चचा ताळेबंद बघून हुरळू नकोस, घाबरूही नकोस. तेव्हा बियांचा हंगाम ऐन भरात असतो, गोदाम भरलेलं आणि कर्जही चढलेलं. तुझा खरा अंदाज फेब्रुवारीअखेर येतो, जुनी बी संपत आलेली असते तेव्हा. मे महिन्याची तुलनाही गेल्या मेशीच कर. पावसात पर्यटक ओसरले की जूनचा आकडा पडणारच.

गाळेवाल्याला गणेश चवथीनंतर कळवतो म्हण. तोवर उधारीची हॉटेलवार यादी आणि उताऱ्याचे आकडे पाठव. म्हापशाचं भाडं किती सांगतो तेही लिही, मग रोज किती विकलं तर तो गाळा परवडेल ते काढून देतो.

तुझा,
बाबू