गिअरबॉक्स गेला, वॉरंटी कागदावरच राहिली

संपादक साहेब, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक गाडी घेतली, ड्युअल क्लचवाली (दोन क्लच आळीपाळीनं गिअर बदलतात ती). मुलगी गोव्यात असते म्हणून महिन्यातनं दोनदा तरी चोर्ला घाट, आणि पावसाळ्यात तो रस्ता कसा होतो ते बेळगाव-खानापूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. ट्रकमागं रांगत रांगत चढताना आधी धक्के बसायला लागले, मग एक दिवस ट्रान्समिशन गरम झाल्याचा मेसेज आला आणि गाडी जागेवरच उभी.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात क्लच 'वेअर अँड टेअर'मध्ये, म्हणजे वापरानं होणाऱ्या झिजेत येतो, वॉरंटी नाही. अहो, या गाडीतल्या ड्राय (तेलात न बुडलेल्या) क्लचला थंडावा फक्त हवेचा, घाटात हळू चालवली की तो तापणारच, मग हे विकताना का नाही सांगितलं? तेव्हा नुसतं मायलेज आणि सनरूफ! वॉरंटीचं पुस्तक इंग्रजीत, बारीक अक्षरात, आमच्या गावात ते कोण वाचतंय.

शेजारच्या वकिलांनी सांगितलं, 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडं तक्रार करता येते, मुदत 2 वर्षांची. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन पण लावलाय. सर्व्हिस सेंटरची जॉबकार्डं (कामाच्या नोंदीचे कागद) जपून ठेवा एवढंच, माझं पहिलं मी रद्दीत घातलं.

एक वाचक, खानापूर