पगार लांबतोय म्हणालीस म्हणून

चि. ऋचा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, याही महिन्यात अर्धाच पगार आला, पण सर फार चांगले आहेत." मी पटकन तुझ्या जेवणावर गेले. तुला वाटलं असेल, आईच्या लक्षातच आलं नाही. आलं होतं गं. बोलायला जमेना, म्हणून लिहिते.

आमच्या ट्रॅव्हल कंपनीचे साहेबही चांगलेच होते. तुझ्या दहावीच्या क्लासची फी त्यांनी न मागता उचल म्हणून दिली होती. 2015 च्या सिंहस्थाच्या भरवशावर त्यांनी कर्ज काढून तीन बस घेतल्या. पहिल्या पर्वणीला बंदोबस्त एवढा कडक, की गाड्या शहराबाहेरच थांबवल्या. बस जागेवर उभ्या, हप्ते मात्र धावतायत. त्यात विमानाच्या तिकिटांवरचं कमिशन आधीच गेलेलं आणि लोक मोबाइलवर स्वतःच तिकीट काढायला लागलेले. उरल्या फक्त सहली.

मग सुरू झालं, याची टोपी त्याला. मे महिन्याच्या सहलीचे आलेले पैसे जानेवारीच्या हॉटेलांना जायचे. रात्री अकराला टूर मॅनेजरचा श्रीनगरहून फोन यायचा, "मॅडम, हॉटेलवाला खोल्यांच्या चाव्या देत नाहीये, माणसं थंडीत बसमध्ये बसलीत." साहेब कुणाकडून तरी वीस-पंचवीस हजार फिरवायचे आणि चाव्या मिळायच्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे, का तर प्रसंग निभावला! पेढे मीही खाल्ले.

आमचा पगार आधी दहा तारखेला, मग वीसला, मग "थोडा थोडा घ्या" असा व्हायला लागला. मी राहिले. अकरा वर्षांची नोकरी, पन्नाशीच्या बाईला नाशकात दुसरी कोण देणार, असा माझा हिशोब. तो फारसा चुकीचा होता असं आजही मला वाटत नाही.

चुकलं ते वेगळंच. जानेवारी 2020 मध्ये पंचवटीतले एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि त्यांच्या मंडळी चारधामचं बुकिंग करायला आल्या. कापडी पिशवीतून चाळीस हजार काढले, बोटाला थुंकी लावून दोनदा मोजले. पावती घेताना त्यांनी विचारलं, "ताई, जाणार ना नक्की?" उत्तराखंडातल्या हॉटेलांना एक रुपया गेलेला नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "हो काका, नक्की."

मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि साहेबांना आयतं कारण मिळालं. लोकांना वाटतं, कंपनी कोविडनं बुडाली. पैसे फेब्रुवारीतच संपले होते. काका पावती घेऊन दोनदा घरी आले, ओरडले नाहीत. नंतर एकदा रविवार कारंजाला दिसले, तर मीच दुसऱ्या गल्लीत शिरले. तू नेहमी विचारतेस ना, आई त्या बाजूनं का येत नाही?

माझं म्हणशील तर पगारातून पीएफ कापला जात होता आणि सात महिने भरलाच नव्हता. पासबुक मी उघडलं ते नोकरी सुटल्यावर. ग्रॅच्युइटीसाठी अजून कागद फिरतायत.

तेव्हा आज रात्री उमंग ॲपवर तुझं पासबुक बघ. कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावा लागतो. शेवटची नोंद कोणत्या महिन्याची आहे, ते मला कळव. ग्रॅच्युइटीसाठी थांबू नकोस, तिला सहसा पाच वर्षं लागतात, तुझी तीनच झालीत. आणि तुमच्याकडे ग्राहकांकडून आगाऊ पैसे घ्यायचं काम कुणाकडे आहे? तुझ्याकडे असेल तर आधी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

भाड्याची काळजी करू नकोस, दोन महिन्यांचं मी बाजूला ठेवलंय. बाबांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही. चिवड्याचं पाकीट शेजारच्या काकूंच्या मुलाबरोबर पाठवतेय, तो रविवारी पुण्याला येतोय.

तुझी,
आई