तुझ्या टी-शर्टवरचा तो माणूस

चि. अथर्व यास,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू दोन मिनिटांत कटवतोस म्हणून म्हटलं लिहूनच पाठवते, सावकाश वाच. दिवाळीत तू तो लाल टोपीवाल्या सोल्जरचा टी-शर्ट घालून आलास तेव्हा बाबांना वाटलं कुठल्यातरी सिनेमातला असेल, आणि मी विचारलं तर तू म्हणालास "आई, तुला नाही कळणार, आफ्रिकेचा चे गव्हेरा आहे तो" (म्हणजे लॅटिन अमेरिकेतला तो क्रांतिकारक, तेही शोधावं लागलं). नाही कळणार म्हणालास ना, तेच डोक्यात बसलं. गेला महिनाभर रात्री जेवणं झाली की त्या थॉमस सांकाराबद्दल जे मिळेल ते वाचतेय, बाबा म्हणतात आता एमपीएससी दे.

पहिलं सांगते, मला आवडला तो. अप्पर व्होल्टा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला समुद्र नसलेला, पावसाची बोंब असलेला देश (आपला बार्शी-करमाळा आठव), 1960 साली फ्रेंचांकडून सुटला तरी सगळं फ्रेंचांच्याच तालावर. तिथे 1949 ला हा जन्मला. घरच्यांना वाटायचं पोरानं पाद्री व्हावं आणि हा गेला मिलिटरी शाळेत, म्हणजे आईबापाचं न ऐकणं जगभर सारखंच. 1981 ला त्याला माहिती खात्याचा मंत्री केला तर पहिल्या मीटिंगला सायकलवर गेला. जानेवारी 83 ला पंतप्रधान, मार्चमध्ये आपल्या दिल्लीला अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेला येऊन गेला, इंदिराबाई यजमान होत्या, तिथेच क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोला भेटला. मे महिन्यात अटक. आणि 4 ऑगस्टला त्याच्या मित्रानं, ब्लेज काँपाओरेनं, सैनिक आणून सत्ता पालटवली आणि ह्याला राष्ट्रप्रमुख केलं, वय वर्षं 33. ह्या ब्लेजचं नाव लक्षात ठेव.

पुढची चारच वर्षं मिळाली त्याला. देशाचं नाव बदलून बुर्किना फासो केलं, ताठ मानेनं जगणाऱ्यांचा देश असा काहीसा अर्थ, एक शब्द तिथल्या मोरे भाषेतला एक जुला भाषेतला, दोघांचा मान राखला. सरकारी मर्सिडीज विकून मंत्र्यांना रेनो 5 दिल्या, त्या वेळची तिथली सगळ्यात स्वस्त गाडी. मुलींची जबरदस्तीची लग्नं, मुलींची सुंता यांच्यावर बंदी. 84 साली एक दिवस पुरुषांनी बाजारहाट आणि स्वयंपाक करायचा असा फतवा काढला, हे मी बाबांना मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं, ते पेपर उलटा धरून बसले.

पण मी थांबले ते लसीकरणाशी. नोव्हेंबर 84 मध्ये गोवर, मेंदूज्वर आणि पीतज्वराची लस, दोनेक आठवड्यांत सुमारे 25 लाख पोरांना. परदेशी तज्ज्ञ म्हणत होते इतकं घाईनं नको. तुम्हाला रीलमध्ये हा आकडा एका सेकंदात येऊन जातो रे, मी पल्स पोलिओची ड्यूटी इतकी वर्षं केलीय म्हणून सांगते, एका वस्तीवरची चाळीस पोरं शोधून काढायची तर दुपार होते, कोण शेतात कोण मामाच्या गावाला, आणि ते आइस पॅक वितळतात ते वेगळंच. तिथे तर रस्ते नाहीत, लाईट नाही. हे एकट्या पुढाऱ्याच्या भाषणानं होत नाही, गावोगावी कुणीतरी उन्हात उभं राहिलेलं असतं.

आणि ते कापडाचं. तिथल्याच कापसाचं, तिथल्याच बायकांनी विणलेलं फासो दान फानी सरकारी नोकरांनी घालायचंच असा नियम. तर लोकांनी काय केलं, ऑफिसात एक स्वस्तातला जोड ठेवून दिला, साहेब येतोय कळलं की चढवायचा, त्या कापडाला नावच पडलं "सांकारा येतोय". मी एकटीच हसत बसले, आमच्या शाळेत विस्तार अधिकारी यायचे त्या दिवशी फळ्यावर सुविचार उमटायचा तसंच की.

आता जे तुझ्या रीलमध्ये नाही ते. मार्च 84 ला प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेनं संप केला, त्यांचे पुढारी धरले होते म्हणून. तुझ्या सांकारानं 1,000 हून जास्त शिक्षकांना नोकरीवरून काढलं. एका फटक्यात. त्यांच्या जागी घाईघाईत पोरंटोरं उभी केली, वर्गांचं काय झालं असेल मला विचार. पुढे काहींना परत घेतलं म्हणतात पण मधली वर्षं कोण देणार. त्याच वर्षी जूनमध्ये कटाच्या आरोपावरून सात जणांना गोळ्या घातल्या. गल्लोगल्ली क्रांती समित्या, हातात बंदुका, त्यांची अरेरावी त्यालाही नंतर आवरेना.

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी आम्ही संपावर बसलो तेव्हा तू माझ्याशी भांडला होतास, पोरांच्या परीक्षा आहेत आणि तुम्ही काय लावलंय म्हणून. बरोबर की चूक ते सोड, पण त्या देशात असते तर त्या हजारात मी होते. तरी मला तो माणूस आवडतो, आणि हे दोन्ही एकदमच वाटतं, त्याला मी काय करू.

जुलै 87 ला अदिस अबाबाला सगळ्या आफ्रिकन प्रमुखांसमोर म्हणाला की आपण सगळे मिळून कर्ज फेडायला नकार देऊ, एकटा बुर्किना नाही म्हणाला तर पुढच्या परिषदेला मी नसेन. लोक हसले, तोही हसत होता. 15 ऑक्टोबरला गुरुवारी, मीटिंग चालू असताना, त्याला गोळ्या घातल्या. बरोबरचे बारा जण गेले. रात्रीतच दागनोएनच्या कबरस्तानात पुरलं आणि दाखल्यावर लिहिलं, नैसर्गिक मृत्यू.

आणि गादीवर बसला तो ब्लेज. अरे ज्याला सांकाराच्या आईबापांनी घरचा पोरगा मानलं होतं, त्यांच्याच घरी जेवायचा. 27 वर्षं बसला, 2014 ला लोकांनी रस्त्यावर येऊन हाकलला तेव्हा शेजारच्या आयव्हरी कोस्टला पळाला. 6 एप्रिल 2022 ला कोर्टानं जन्मठेप दिली पण तो हजरच नाही. मी त्या आईचाच विचार करत राहते, ताटात वाढताना तिला काय माहीत.

मेल्यावर त्याच्या नावावर निघालं काय तर एक गाडी, चार सायकली, तीन गिटारी, एक फ्रीज आणि एक बंद पडलेला फ्रीजर. बाबा म्हणाले आपल्याकडे पण बंद मिक्सर आहे, दुरुस्तीला टाकायचाय.

टी-शर्ट तू इथेच विसरून गेलायस. धुऊन ठेवलाय, उलटा करून इस्त्री केलीय म्हणजे चित्र जाणार नाही. शनिवारी शेजारचे काका पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यासोबत देते. डबा परत पाठव.

तुझी,
आई