रविवारऐवजी गुरुवार

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण आई लगेच "बरं बरं, तुझं बघ" म्हणते आणि मग मला दिवसभर कसंतरी होतं, म्हणून लिहितेय. तर या महिन्यापासून मी रविवारी सकाळी येणार नाहीये. गुरुवारी ऑफिसमधून थेट सदाशिव पेठेत, बाबांचा उपास माझ्यासमोरच सुटेल, आणि रात्री राहीन. म्हणजे उलट जास्तच वेळ मिळेल, बघा हां. भाजी, बाबांच्या बीपीच्या गोळ्या सगळं तेव्हाच आणेन.

कारण ऐकून हसू नका, मी मोडी शिकतेय, जुन्या मराठी कागदांची ती लिपी. शनिवार पोरांच्या क्लासेसमध्ये जातो, रोज रात्री बाणेरच्या ट्रॅफिकमधून आल्यावर डोकं चालत नाही, म्हणून रविवारच. इतकी वर्षं हाताला लागेल ते वाचलं, मजा आली, पण डोक्यात साठत काही नाही. आता एक वर्ष एकच विषय, पेशवाई, आणि तोही क्रमाने, आधी मोठा आढावा, मग छापलेली पत्रं, मग आजोबांच्या ट्रंकेतले कागद. (काकांचं ते सगळं मला उकरायचं नाहीये बाबा, मला फक्त अक्षर लावायचंय.)

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत सुटायचं, हात शक्यतो उचलायचा नाही. आणि ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही! आई, तुझे ते सगळे धपाटे फुकट गेले. माझंच कालचं अक्षर मला आज लागत नाही, तर पेशवे दफ्तरातले ते रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, लोक कसे वाचतात देव जाणे.

या वयात कशाला, असं बाबा म्हणणारच. लॉ कॉलेज रोडवरून जाताना भांडारकर संस्था तुम्हीच दाखवायचात ना? पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास हा ग्रंथ तिथूनच निघाला, पहिला खंड १९३० ला आणि शेवटचा १९६२ ला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. मी अजून पन्नाशीचीही नाही. आणि सवय तुम्हीच लावलीत, मांडीवर घेऊन पेपरातले मथळे वाचायला लावायचात, 'क्ष' आला की मी तुमच्या सदऱ्यात तोंड लपवायचे.

आता नीट ऐका. आई, ऑपरेशन छान झालंय म्हणून ड्रॉप्स बंद करायचे नाहीत, डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि नवीन चष्मा येईपर्यंत बारीक टाइप नको. बाबा, टीव्हीच्या उजेडात पेपर वाचणं बंद, लँप खोक्यातून बाहेर काढा, तो शोभेला आणलेला नाहीये. ट्रंकेसाठी माळ्यावर कोणीही चढायचं नाही, मी आल्यावर उतरवीन. रविवारी काहीही लागलं तर फोन करा, अभ्यास चाललाय म्हणून गप्प बसलात तर मात्र मी खरंच रागवीन.

गुरुवारी साधं वरण-भात-लिंबू लाव गं, माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नकोस.

तुमची,
चिमी