आधी फडकं पिळायला शिकायचं

नारा, जपान
१६ मार्च २०२५

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. थंडी ओसरली, खोकला कधीच गेला, जेवणाचं नेहमीचंच, ते परत लिहीत बसत नाही. आणि आई, इथली रस्त्यावर मोकळी फिरणारी हरणं माणसं खात नाहीत. बिस्किटं दाखवून ताटकळत ठेवलं तरच ढुशी देतात. मी बिस्किटं घेतच नाही.

आधी बाबांचा प्रश्न. हो, दीड वर्षानंतरही पदवी मिळणार नाही, अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळेल. नोकरीत पाच वर्षं झालेल्या शिक्षकांसाठी जपान सरकारची ही शिष्यवृत्ती आहे आणि तिचं स्वरूपच तसं आहे. निघायच्या आधी ते माहितीपत्रक तुम्हीच चष्मा पुसून दोनदा वाचलं होतंत. तेव्हा "मग गेलीस कशाला" याचं उत्तर आज नीट लिहिते.

या महिन्यात इथल्या शिक्षक विद्यापीठातली चौथ्या वर्षाची मुलं बाहेर पडतायत. समारंभाला मुली हाकामा नेसतात, म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायचा चुण्यांचा घोळदार पोशाख. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ मध्ये, मुलींच्या शाळांतून तो रुळला. पदवीबरोबर शिक्षक-परवाना मिळतो, तो प्रीफेक्चरचं, म्हणजे इथल्या प्रांताचं, शिक्षण मंडळ देतं. नोकरीची परीक्षा आदल्या उन्हाळ्यातच झालेली असते, त्यामुळे निवड झालेली मुलं १ एप्रिलला थेट रुजू. पहिलं वर्ष नेमणूक कच्ची. आपल्या शिक्षणसेवकांच्या तीन वर्षांपुढे हे एक वर्ष म्हणजे काहीच नाही.

पण परवान्यासाठी नुसते गुण पुरत नाहीत. प्राथमिक किंवा माध्यमिक शाळेत शिकवायचं तर सात दिवस सेवेचे लागतात: दोन दिवस विशेष मुलांच्या शाळेत आणि पाच दिवस वृद्धाश्रमासारख्या संस्थेत. १९९७ चा कायदाच आहे तसा. तिथं भाषण नाही, शिकवणं नाही. आजोबांना भरवायचं, चाकाच्या खुर्चीतून फिरवायचं, केस विंचरून द्यायचे. संस्था तारखेसह दाखला देते, तो परवान्याच्या अर्जाला जोडावा लागतो. पाच दिवसांत कुणाचा स्वभाव बदलत नाही, हे इथले प्राध्यापकही मान्य करतात. पण आपण पटकन म्हणतो "याला येतच नाही", आणि एक घास गिळायला कुणाला तीन मिनिटं लागू शकतात हे ज्यानं पाहिलंय, तो तसं म्हणताना थोडा अडखळतो.

आता फडक्याचं. आई, तू फोनवर म्हणालीस, "लादी पुसायला जपानला गेलीस का?" तुझं हसणं ऐकू आलं, पण बाबांचं गप्प बसणंही ऐकू आलं. म्हणून सगळं सांगते.

इथल्या बहुतेक शाळांत जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं सफाई असते आणि ती मुलंच करतात. वर्ग, जिने, व्हरांडा, आणि मोठ्या वर्गांकडे बहुधा संडाससुद्धा. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं की प्रत्येक मूल घरून दोन फडकी आणतं. जुना टॉवेल चार पदरी दुमडून कडेनं आणि मधून फुली मारून शिवायचा, साधारण २० बाय ३० सेंटीमीटरचा. याहून मोठा झाला तर पहिलीच्या मुलाच्या मुठीत मावत नाही आणि पिळला जात नाही.

सगळी मेख पिळण्यात आहे. आपण फडकं आडवं धरून पिळतो. इथं उभं धरतात, क्रिकेटची बॅट धरावी तसं, एक हात वर, एक खाली. मग कोपरं सरळ करत दोन्ही मनगटं आत वळवायची. तसं केलं की लहान हातांचाही जोर पुरतो. पाणी राहिलं तर धुळीचा चिखल होतो, लाकडी फळ्यांच्या सांध्यांत काळ्या रेघा बसतात आणि मागून येणारा घसरतो.

क्रमही ठरलेला. खिडक्या उघडायच्या. खुर्च्या उलट्या करून बाकांवर. बाकं उचलून मागे न्यायची, ओढायची नाहीत. पुढचा अर्धा वर्ग झाडून झाला की लाकडाच्या रेघेनं पुसायचा, मग बाकं पुढे घेऊन मागचा अर्धा. बहुतेक वेळा गडबड होते ती एकाच ठिकाणी: झाडणं पुरं व्हायच्या आत पुसणारे घुसतात. शेवटी फडकी धुऊन आकड्यांना पसरून टांगायची, बोळा करून ठेवली तर दुसऱ्या दिवशी वर्गात वास मारतो. मग एक मिनिट गटानं उभं राहायचं आणि गटप्रमुख विचारतो, वेळेवर सुरू केलं का, साहित्य जागेवर गेलं का, उद्या काय सुधारायचं?

कुणी काय करायचं हे बाई ठरवत नाहीत. भिंतीवर पुठ्ठ्याची दोन चाकं टाचणीनं एकात एक लावलेली असतात. बाहेरच्या चाकावर जागा, आतल्यावर गट. सोमवारी आतलं चाक एक घर पुढे. संपलं! चाक कुणाचं तोंड बघत नाही. बाबा, आपल्याकडे शाळेत झाडू कुणाच्या हातात जातो आणि कुणाच्या हातात कधीच जात नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. पालक भांडायला येतात ते झाडूवरून नाही, तो कुणाला दिला यावरून. कर्मवीरांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवलं, एकत्र कामाला लावलं. म्हणजे ही गोष्ट काही परदेशी नाही. आपण ती श्रमदानाच्या दिवसापुरती ठेवली, एवढंच.

शिक्षक होणाऱ्या मुलांचा संबंध कुठं येतो? चार आठवड्यांच्या सराव पाठांत. विद्यापीठाला जोडलेल्या शाळेत ती सकाळपासून असतात, जेवण वाढण्यात आणि सफाईतही. रोज रात्री नोंदवही लिहायची, सकाळी मार्गदर्शक शिक्षक लाल शाईनं शेरा देतात. नव्यांची ठरलेली चूक म्हणजे हात मागे बांधून "तिकडे राहिलं" म्हणत फिरणं. त्यावरचा शेराही ठरलेला: गुडघे टेकून बघा, राहिलंय ते उभ्यानं दिसत नाही.

नीतिपाठ वेगळा असतो. २०१८ पासून प्राथमिक शाळेत तो विशेष विषय आहे, पुस्तक आहे, आठवड्याला ४५ मिनिटांचा एक तास, वर्षाला ३५. पण गुण नाहीत, शिक्षकानं दोन ओळी लिहायच्या. पाठात अवघड असतो तो प्रश्न. "मित्राची चूक दिसली तर काय कराल?" विचारलं की तीस हात वर आणि तीस उत्तरं सारखी, बाईंना हवी ती. त्याऐवजी "त्याला दिसत होतं, तरी तो बोलला का नाही?" विचारायचं आणि थांबायचं. फळ्यावर एक आडवी रेघ काढायची, एका टोकाला "बोललो असतो", दुसऱ्याला "नसतो", आणि प्रत्येकानं आपल्या नावाचा चुंबक रेघेवर लावायचा. मधे लावणाऱ्यांना आधी बोलू द्यायचं, खरं तेच सांगतात. नवा शिक्षक इथं हमखास घाई करतो, शांतता सहन होत नाही म्हणून स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

चारित्र्य वगैरे मोठ्या शब्दांचा इथल्या जुन्या प्राध्यापकांना धाकच वाटतो, आणि त्याला कारण आहे. १८८६ च्या हुकमानं शिक्षक-शाळांत आज्ञाधारकपणा, स्नेह आणि भारदस्तपणा असे तीन गुण बिंबवायचे ठरले, तेही लष्करी कवायतीसकट. पुढे नीतीच्या तासांनी पोरांना युद्धासाठी तयार केलं. १९४५ च्या ३१ डिसेंबरला दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनानं ते तास बंद केले, आठवड्याचा तास परत आला तो १९५८ साली. चारित्र्य घडवायचं म्हटलं की कुणासाठी, हे विचारायची सवय तिथून आली असावी.

सगळं सोन्याचं नाही हेही लिहिते, नाहीतर म्हणाल पोरगी भारावली. २०२२ च्या सरकारी पाहणीत प्राथमिक शिक्षकाचा कामाचा दिवस सरासरी पावणेअकरा तासांचा निघाला. २०२३-२४ मध्ये शाळेत न येणारी मुलं साडेतीन लाखांच्या घरात होती. फडकं छान पिळणाऱ्या वर्गातही एखाद्याला वाळीत टाकलं जातं. चाक फिरवून ते सुटत नाही.

आता पैशांचं. महिन्याला १ लाख ४३ हजार येन मिळतात, म्हणजे साधारण ऐंशी हजार रुपये, पण खोलीभाडं आणि वीज जाऊन उरतं ते मोजकंच. पतसंस्थेचा मार्चचा हप्ता काल पाठवला. बिनपगारी रजेमुळे घरावर ताण आला हे मला कळतं, बाबा, तुम्ही बोलत नसलात तरी. जूनपासून पगार सुरू होईल.

चिंगीच्या लग्नाला मी आहेच, २९ तारखेला मुंबईत उतरते. साखरपुड्याला नव्हते. फोटोत आईच्या शेजारी एक जागा रिकामी ठेवलेली दिसली, ती मुद्दाम की सहज, हे विचारणार नाही. धाकटीचं आधी का म्हणून लोक विचारतील, तर सांगा माझी हरकत नाही, आणि ते खरंच आहे. कराडच्या स्थळाचं मी आल्यावर बोलू. नाही म्हणत नाही. फक्त "परदेशात शिकलेली" असं सांगून काही मागू नका आणि काही कबूलही करू नका.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी माझी सादरीकरणाची परीक्षा होती, असं मी सांगितलं होतं. ती संध्याकाळी होती. सकाळी फोन करता आला असता. धीर झाला नाही.

तुमची,
माई

ता. क. आई, जुने टॉवेल बोहारणीला देऊ नकोस. माझ्या वर्गात ३२ पोरं आहेत, दोन-दोन फडकी लागतील. मशीनवर तू बसू नकोस, डोळ्यांना ताण नको. मी आल्यावर शिवते.