लोकरखरेदी: रविवारी जुन्या बाजारात

सर्व सभासद मैत्रिणींना नमस्कार.

थंडी सरली की सांगलीत जुन्या कपड्यांच्या ढिगात स्वेटर अगदी स्वस्तात मिळतात. ते उसवून आपल्याला विणकामासाठी लोकर काढता येते. येत्या रविवारी सकाळी 8 वाजता गणपती मंदिरासमोर जमू आणि तिथून सगळ्याजणी मिळून बाजारात जाऊ. सुटे पैसे, कापडी पिशवी आणा.

एक कळकळीची विनंती. रंग बघण्याआधी स्वेटर उलटा करून बाजूची शिवण बघा. दोन्ही कडा अखंड असतील, मधे नुसता जोडटाका असेल, तर धागा सलग उसवतो. कडेला ओव्हरलॉक (कापलेली कड सुटू नये म्हणून मशीनने घातलेली दाट शिवण) मारलेलं असेल तर स्वेटर विणलेलं कापड कापून शिवलेला आहे, प्रत्येक ओळीला धागा तुटणार. गेल्या वर्षी असाच एक मोरपंखी स्वेटर मी घेतला आणि हातात नुसते वीतवीतभर तुकडे आले. फार हळहळ वाटली. धुऊन आटलेली, घट्ट झालेली लोकरही नको. ती सुटतच नाही.

लोकर की अ‍ॅक्रिलिक, हे घरी आल्यावर धाग्याचं टोक जाळून कळतं. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. दोन्ही कामाची, पण एकाच वस्तूत मिसळू नका.

उसवलेल्या धाग्याची खुर्चीच्या पाठीवर लडी करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगा. कुरळेपणा जातो. कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीची, भोकं दिसली तर तो स्वेटर घरातल्या लोकरीजवळ मुळीच ठेवू नका.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर कळवावं.