कंबर माझी, कात्री त्यांची

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला ‘प्लस साइज’ मॉडेलवरचा लेख वाचला. चांगला आहे. पण तीच पुरवणी उलटी करून शेवटचं पान बघितलंत का? तिथल्या साडीच्या जाहिरातीत जी बाई उभी आहे ती मी. म्हणजे, फोटो काढला तेव्हा तरी मीच होते.

राजारामपुरीत २६ वर्षं ब्लाउज शिवते. दसऱ्याआधी दुकानाचे मालक स्वतः घरी आले. “ताई, यंदा जाहिरातीत खऱ्या बायका घेणार, प्लस साइज. तुम्हीच पाहिजे.” घरचे हसले, मी गेले. साडी त्यांची, ब्लाउज माझ्या हातचा. बाहीच्या काठावरचा मोर बरोबर दंडाच्या मधोमध यावा म्हणून दोनदा उसवून बसवलेला. छापून आलं तर साडेपंधरा इंचांचा दंड अकरावर, आणि मोराला मानच नाही! कंबर एकेचाळीस, ती बत्तीसला आणून ठेवलेली. चेहरा तेवढा राहू दिला, उपकारच म्हणायचे.

पंधरा दिवस झाले, हाच फ्लेक्स चौकातही आहे (बसथांब्याची पाटी त्याच्यामागं गेली, ते वेगळंच). पोरी येऊन विचारतात, “काकू, सकाळी काय पिताय ओ? मी पण चालू करतो.” इचलकरंजीची नणंद फोनवर म्हणते, “वैनी, शुगर तपासा बघू, एवढं एकदम उतरणं बरं न्हवं.” हे सगळं चाललं असतं. पण एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, “ब्लाउज तुम्हीच शिवलाय? काखेत ओढलाय की.” अहो, ओढलेला नाही! अंग आत घेताना त्यांनी बाजूची शिवण वाकडी केली. २६ वर्षांत माझ्या फिटिंगला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

शुगरचं म्हणाल तर ती आमच्या ह्यांना आहे, मला नाही. हे काडीपैलवान. बारीक माणसातही चरबी लपलेली असते हे समजवायला त्यांच्या डॉक्टरांनी एकदा मधुमेहावर संशोधन करणाऱ्या पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचा २००४ सालचा फोटो दाखवला होता, शेजारी विलायतेचे डॉ. युडकिन. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) दोघांचाही २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. तुमच्या लेखातल्या बीएमआयच्या तक्त्यात मात्र २५ पर्यंत सरसकट ‘योग्य’. आपल्याकडचे डॉक्टर २३ च्या वर गेलं की वजन जास्त धरतात, आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी म्हणतात. म्हणजे साडेएकतीस इंच. माझ्या तोट्याचं आहे, तरी सांगते. एकेचाळीस चांगली, असं मी म्हणतच नाही. डॉक्टर ओरडतात, रंकाळ्यावर फेऱ्या मारते. पण एकेचाळीस आहे ती एकेचाळीस दिसू दे की!

फ्रान्समध्ये २०१७ पासून, नॉर्वेत २०२२ पासून, जाहिरातीतलं अंग असं कमी-जास्त केलं तर तसं फोटोवर छापावं लागतं, हे तुमच्याच लेखात आहे. मग शेवटचं पान छापताना तो लेख कुणी वाचला नव्हता का? आज सकाळी तुमच्या कचेरीत फोन केला. जाहिरात विभाग म्हणाला दुकानाला विचारा, दुकान म्हणालं डिझायनरला विचारा. डिझायनर म्हणे, “मावशी, चांगलंच केलंय की!”

आणखी एक. ब्लाउजची शिलाई अस्तरासकट साडेसहाशे झाली होती. ‘पेपरात झळकलात की’ म्हणून ती अजून मिळालेली नाही. साडी फोटो झाल्या झाल्या घडी घालून परत नेली. ब्लाउज तेवढा दुसऱ्या कुणाला होणार नाही म्हणून माझ्याकडं राहिलाय.

– एक ब्लाउज शिवणारी, राजारामपुरी, कोल्हापूर